विश्लेषण : तेलाच्या पाकिटावरचे शब्द आले कुठून? चरबीचं कोडं सोडवणाऱ्या शेव्रल यांची १०२ वर्षांची गोष्ट

कोलेस्टेरॉल, ओलिक अ‍ॅसिड, स्टिअरिक अ‍ॅसिड, ग्लिसरीन. यातला एकतरी शब्द तुम्ही तेलाच्या पाकिटावर, रक्ततपासणीच्या रिपोर्टवर किंवा साबणाच्या वेष्टणावर वाचला असेल. ही नावं एकाच माणसाने रूढ केली आणि त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. मिशेल यूजीन शेव्रल हे त्यांचं नाव. चरबी म्हणजे नेमकं काय, हे जगाला पहिल्यांदा नीट कळलं ते त्यांच्यामुळे. चांगलं फॅट कोणतं आणि वाईट कोणतं, हा आजचा वाद समजून घ्यायचा तर सुरुवात त्यांच्यापासून करावी लागते.

कोण होते शेव्रल?

फ्रान्समधल्या आंजे या गावी ३१ ऑगस्ट १७८६ रोजी शेव्रल यांचा जन्म झाला. घरात वैद्यकीचं वातावरण होतं, वडील शल्यचिकित्सक होते. शेव्रल तीन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा फ्रेंच राज्यक्रांती झाली. त्यांचं बालपण त्या धामधुमीत गेलं आणि शिक्षण क्रांतीनंतर गावात उघडलेल्या नव्या पद्धतीच्या शाळेत झालं. तिथेच त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली.

१८०३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी ते पॅरिसला आले. तिथे निकोला लुई व्होकलँ या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. क्रोमियम हे मूलद्रव्य शोधणारे ते हेच व्होकलँ. काही वर्षांत शेव्रल पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात सहायक म्हणून रुजू झाले. या संस्थेशी जुळलेलं त्यांचं नातं पुढे आयुष्यभर टिकलं.

त्या काळात रसायनशास्त्राने खनिजं, धातू आणि वायू यांच्यात मोठी मजल मारली होती. पण प्राणी आणि वनस्पती यांच्यापासून मिळणारे पदार्थ म्हणजे सगळा गोंधळच होता. तेल, तूप, चरबी, मेण यांना लोक एकेक स्वतंत्र आणि अखंड पदार्थ समजत. त्यांच्या आत काय आहे, हे पाहण्याची पद्धतच कुणाकडे नव्हती.

साबणाचा तुकडा हातात आला आणि काय झालं?

१८११ च्या सुमारास एका कापड कारखानदाराने शेव्रल यांच्याकडे साबणाचा नमुना पाठवला. डुकराच्या चरबीपासून केलेला मऊ साबण होता. त्यात काय काय आहे ते तपासून द्या, एवढंच काम होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर साधं लॅब टेस्टिंग.

शेव्रल यांनी साबण पाण्यात मिसळला तेव्हा मोत्यासारखी चकाकणारी एक वस्तू वेगळी झाली. तिच्यावर आम्लाची क्रिया केल्यावर त्यांच्या हाती स्फटिक आले. हे स्फटिक म्हणजे चरबी नव्हती. ते आम्लासारखे वागत होते आणि अल्कोहोलमध्ये सहज विरघळत होते. चरबीतून आम्ल निघतं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

साबण माणूस हजारो वर्षांपासून करत आला आहे. चरबी किंवा तेल घ्यायचं, त्यात राखेचं पाणी किंवा कॉस्टिक टाकायचं आणि शिजवायचं. पण भांड्यात नेमकं काय घडतं हे कुणाला माहीत नव्हतं. चरबी आणि क्षार जसेच्या तसे एकमेकांना चिकटतात, असा समज होता. शेव्रल यांनी दाखवलं की चरबी चिकटत नाही, ती फुटते. तिचे दोन भाग होतात. एक भाग म्हणजे मेदाम्लं, म्हणजेच फॅटी अ‍ॅसिड्स. ती क्षाराशी जोडली जातात आणि त्यांचा साबण होतो. दुसरा भाग म्हणजे पाण्यात विरघळणारा एक गोड, घट्टसर द्रव. हा द्रव स्वीडनच्या कार्ल शेले यांना आधीच सापडला होता. त्याला ग्लिसरीन हे नाव शेव्रल यांनी दिलं.

आणखी एक हिशेब त्यांनी मांडला. चरबीपासून मिळालेली मेदाम्लं आणि ग्लिसरीन यांचं एकत्र वजन केलं तर ते मूळ चरबीपेक्षा थोडं जास्त भरत होतं. याचा अर्थ चरबी फुटताना पाण्याचा अंश तिच्यात शिरतो. चरबीची रचना उलगडण्यासाठी हा धागा फार महत्त्वाचा ठरला.

नावं कशी पडली?

पुढची दहा-बारा वर्षं शेव्रल यांनी याच कामाला दिली. डुक्कर, मेंढी, बैल, हंस, जग्वार, डॉल्फिन आणि माणूस, अशा नाना प्रकारच्या चरबी त्यांनी तपासल्या. प्रत्येक चरबी फोडायची, तिच्यातली आम्लं वेगळी करायची आणि प्रत्येकाला ओळख द्यायची, असा क्रम होता.

घट्ट चरबीतून मिळालेल्या एका आम्लाला त्यांनी स्टिअरिक म्हटलं. ग्रीक भाषेत या शब्दाचं मूळ घट्ट चरबी असं आहे. खोलीच्या तापमानाला पातळ राहणाऱ्या आम्लाला ओलिक हे नाव मिळालं, ते तेलाच्या लॅटिन शब्दावरून. लोण्यात सापडलेलं ते ब्युटिरिक. कॅप्रोइक आणि कॅप्रिक ही नावं लॅटिनमधल्या शेळीवरून आली. शेळीच्या दुधाला येणारा उग्र वास आठवला तर या नावांचं कारण लगेच कळेल. मोत्यासारखी चमक असलेल्या त्या पहिल्या आम्लाला मार्गारिक असं नाव दिलं गेलं, कारण ग्रीकमध्ये मोत्याला मार्गारिटीस म्हणतात.

नावांपेक्षाही महत्त्वाची होती ती पद्धत. एखादा पदार्थ शुद्ध आहे की मिश्रण, हे कसं ठरवायचं? शेव्रल पदार्थ पुन्हा पुन्हा विरघळवून त्याचे स्फटिक करायचे आणि दर वेळी तो किती तापमानाला वितळतो ते मोजायचे. वितळण्याचं तापमान बदलेनासं झालं की पदार्थ शुद्ध मानायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजही वापरली जाणारी ही कसोटी नेमाने वापरणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये त्यांचा समावेश होतो.

१८२३ मध्ये त्यांनी हे सगळं काम एका ग्रंथात मांडलं. तेव्हा ते ३६-३७ वर्षांचे होते. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत त्याची गणना होते.

मग कोलेस्टेरॉलचं काय?

आपल्या रोजच्या जगण्याशी सर्वांत जवळचा भाग हाच आहे. पित्ताशयातल्या खड्यांमधून निघणारा एक पांढरा, मेणचट पदार्थ अठराव्या शतकापासून माहीत होता. दिसायला तो चरबीसारखा होता, म्हणून त्याला चरबीच समजत. शेव्रल यांनी त्याच्यावर आपली नेहमीची कसोटी लावली. क्षारात शिजवलं तर त्याचा साबण होतो का?

झाला नाही. कितीही उकळलं तरी तो पदार्थ फुटला नाही. म्हणजे ही चरबी नव्हे, काहीतरी वेगळंच आहे. मग १८१५ च्या सुमारास त्यांनी त्याला कोलेस्टेरीन हे नाव दिलं. ग्रीकमध्ये कोले म्हणजे पित्त आणि स्टिरिऑस म्हणजे घट्ट. पुढे त्याचंच कोलेस्टेरॉल झालं.

आता दुकानातलं तेलाचं पाकीट आठवा. त्यावर मोठ्या अक्षरात ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं असतं. हे खोटं नाही, पण त्यात विशेषही काही नाही. कोलेस्टेरॉल प्रामुख्याने प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, सूर्यफूल, पाम, खोबरं यांपैकी कुठल्याही तेलात ते जवळपास नसतंच. पाम तेलही कोलेस्टेरॉल फ्री आणि करडईचं तेलही कोलेस्टेरॉल फ्री. या दोन तेलांत मोठा फरक आहे, पण तो या दोन शब्दांतून कळत नाही. तो कळतो कोणती मेदाम्लं किती आहेत यावरून.

शिवाय रक्तातलं कोलेस्टेरॉल बहुतांशी आपलं यकृतच तयार करतं. वाईट म्हटलं जाणारं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढण्यात, अन्नातून थेट पोटात गेलेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड आणि ट्रान्स फॅटचा वाटा सहसा मोठा असतो. चरबी वेगळी आणि कोलेस्टेरॉल वेगळं, ही रेघ शेव्रल यांनी तेव्हाच ओढून ठेवली होती.

त्याच १८१५ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मधुमेही माणसाच्या लघवीतली साखर ही द्राक्षातल्या साखरेसारखीच, म्हणजे आपण आज जिला ग्लुकोज म्हणतो तीच आहे. कोलेस्टेरॉल आणि शुगर, आजच्या हेल्थ चेकअपमधल्या दोन मुख्य ओळी, आणि दोन्हींच्या इतिहासात एकाच माणसाचं नाव.

प्रयोगशाळेतून बाहेर काय आलं?

त्या काळी गरिबाघरचा उजेड म्हणजे चरबीची मेणबत्ती. ती धूर करायची, वास मारायची आणि उन्हाळ्यात वाकायची. मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती चांगली, पण ती परवडायची चर्च आणि दरबार यांनाच. शेव्रल यांच्या लक्षात आलं की चरबीतून ग्लिसरीन आणि पातळ ओलिक आम्ल काढून टाकलं आणि घट्ट स्टिअरिक आम्ल उरवलं, तर मेणबत्ती कडक होईल आणि स्वच्छ जळेल.

१८२५ मध्ये त्यांनी गे-ल्यूसॅक या मोठ्या शास्त्रज्ञासोबत त्याचं पेटंट घेतलं. धंदा मात्र जमला नाही. काही वर्षांनी द मिली नावाच्या उद्योजकाने ही प्रक्रिया सुधारून बाजारात यश मिळवलं. वीज येईपर्यंत युरोपातल्या लाखो घरांत उजेड पडला तो या स्टिअरिनच्या मेणबत्त्यांचा.

यात आपल्या विषयाशी जोडलेला एक मुद्दा आहे. ओलिक आम्ल साधारण १३ ते १४ अंश सेल्सिअसला वितळतं, स्टिअरिक सुमारे ६९ अंशांना. दोन्हींच्या साखळीत कार्बनचे अणू १८ च. मग एवढा फरक का? कारण स्टिअरिक आम्लाची साखळी सरळ असते. तिला जेवढे हायड्रोजन घेता येतात तेवढे तिने घेतलेले असतात, म्हणून ते संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड. ओलिकच्या साखळीत मध्यभागी एक दुहेरी बंध असतो आणि तिथे ती वाकलेली असते. आगपेटीत सरळ काड्या घट्ट बसतात, वाकड्या काड्या बसत नाहीत. तसंच इथे होतं. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून घट्ट पदार्थ होतो, वाकड्या साखळ्यांचं तेल होतं. थंडीत तूप घट्ट होतं आणि शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं, त्याचं कारण हेच.

रंगांचा आणि चरबीचा काय संबंध?

संबंध काही नाही, पण शेव्रल यांची कीर्ती चित्रकारांमध्ये झाली ती रंगांमुळे. १८२४ मध्ये त्यांना पॅरिसच्या गोब्लें या सरकारी गालिचा आणि भिंतपट विणण्याच्या कारखान्यात रंगाई विभागाचं प्रमुख करण्यात आलं. तिथे तक्रार आली की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या घड्या दाखवताना वापरलेला काळा धागा फिका दिसतो. रंग खराब असावा, असं सगळ्यांना वाटलं.

शेव्रल यांनी इतर कारखान्यांतल्या काळ्या धाग्यांशी तुलना केली. काळ्या रंगात काही दोष नव्हता. दोष शेजारच्या रंगात होता. दोन रंग शेजारी ठेवले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो, त्यामुळे तोच काळा निळ्याशेजारी वेगळा आणि पांढऱ्याशेजारी वेगळा दिसतो. यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठं पुस्तक लिहिलं. पुढे जॉर्ज सरा यांच्यासारख्या, रंगांचे ठिपके ठिपके देऊन चित्र काढणाऱ्या फ्रेंच चित्रकारांनी ते अभ्यासलं.

अंधश्रद्धेच्या विरोधात ते कसे उतरले?

एकोणिसाव्या शतकात युरोपात लोलकाचं वेड होतं. दोऱ्याला अंगठी किंवा धातूचा तुकडा बांधून तो एखाद्या वस्तूवर धरायचा. लोलक आपोआप फिरू लागला की त्या वस्तूतली शक्ती कळते, असं मानलं जायचं. जमिनीखालचं पाणी काठीने शोधणं, टेबल आपोआप हलणं, अशाही गोष्टी होत्या. सुशिक्षित लोकही यावर विश्वास ठेवत.

शेव्रल यांनी स्वतः लोलक धरून पाहिला. तो हलला. दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून पुन्हा प्रयोग केला, तेव्हा आधीचा परिणाम दिसेनासा झाला. हात टेकवायला आधार दिला तेव्हाही हालचाल कमी झाली. निष्कर्ष असा की लोलक हलवत होता त्यांचाच हात, त्यांना न कळता. मनात जी अपेक्षा असते तिच्याप्रमाणे स्नायू सूक्ष्म हालचाल करतात. १८३३ मध्ये त्यांनी हे आंद्रे-मारी अँपिअर यांना लिहिलेल्या पत्रात जाहीरपणे मांडलं. विजेच्या प्रवाहाचं एकक ज्यांच्या नावाने आहे तेच हे अँपिअर. पुढे १८५४ मध्ये याच विषयावर त्यांनी पुस्तकही काढलं.

आहाराच्या बाबतीत हा धडा आजही लागू पडतो. एखादं तेल बदलल्यावर बरं वाटलं, हा अनुभव खरा असू शकतो. पण बरं वाटण्याची अपेक्षा आधीच मनात असेल, तर फरक तेलाने पडला की अपेक्षेने, हे त्या अनुभवावरून सांगता येत नाही. त्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधलेले प्रयोग लागतात.

मार्जरिन आणि डालडा यांच्याशी नातं काय?

१८६९ मध्ये फ्रान्समध्ये इपोलित मेज-मुरिएस यांनी लोण्याला स्वस्त पर्याय तयार केला. सम्राट तिसऱ्या नेपोलियनला नौदलासाठी आणि गरिबांसाठी असा पदार्थ हवा होता. गुरांच्या चरबीचा मऊ भाग आणि दूध वापरून केलेल्या या पदार्थाला नाव देताना मेज-मुरिएस यांनी शेव्रल यांचाच शब्द उचलला. मार्गारिकवरून झालं मार्जरिन.

गंमत अशी की शेव्रल यांचं मूळ मार्गारिक आम्ल हे एकच आम्ल नव्हतं. ते पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांचं मिश्रण होतं, असं नंतरच्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. वितळण्याच्या तापमानाची कसोटी इथे शेव्रल यांना चकवा देऊन गेली. चूक दुरुस्त झाली, नाव मात्र डब्यावर राहिलं.

शेव्रल यांच्या निधनानंतर या गोष्टीला मोठं वळण लागलं. फ्रान्सच्या पॉल सबातिए यांनी निकेलच्या मदतीने पदार्थांना हायड्रोजन जोडण्याची पद्धत विकसित केली. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनी ती तेलाला लावली आणि १९०२ मध्ये पेटंट घेतलं. आता पातळ, स्वस्त वनस्पती तेलाला हायड्रोजन देऊन तुपासारखं घट्ट करता येऊ लागलं. १९३० च्या दशकात मुंबईत शिवडीला असा कारखाना उभा राहिला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. पिवळ्या डब्यावरचं ते ताडाचं झाड अनेक मराठी घरांत पुढची काही दशकं फडताळात दिसत होतं. डबा रिकामा झाल्यावर त्यात तुळस लागायची, ती गोष्ट वेगळी.

घट्ट तेलात बिघडलं काय?

ओलिक आम्लाला पूर्ण हायड्रोजन दिला की त्याचं स्टिअरिक आम्ल होतं. म्हणजे शेव्रल यांनी वेगळ्या केलेल्या एका पदार्थाचा दुसरा पदार्थ. पण कारखान्यात ही क्रिया अर्धवट थांबवतात, कारण पूर्ण केली तर मेणासारखा कडक गोळा होईल. या अर्धवट अवस्थेत काही साखळ्यांमधला दुहेरी बंध तसाच राहतो, पण त्याची दिशा पालटते. वाकडी काडी सरळ होते. ओलिक आम्लाचं इलायडिक आम्ल होतं आणि वितळण्याचं तापमान १३ वरून सुमारे ४५ अंशांवर जातं. यालाच आपण ट्रान्स फॅट म्हणतो.

कागदावर हे असंपृक्तच. त्यामुळे अनेक वर्षं प्राण्यांच्या चरबीपेक्षा ते बरं, असं मानलं गेलं. १९५७ मध्ये अमेरिकेतले फ्रेड कुमेरो यांनी हृदयविकाराने मरण पावलेल्यांच्या धमन्यांत ट्रान्स फॅट सापडल्याचं दाखवलं, पण फार कुणी लक्ष दिलं नाही. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांच्या प्रयोगाने चित्र बदललं. ट्रान्स फॅट खाणाऱ्यांचं वाईट एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलं आणि चांगलं एचडीएल कमी झालं. म्हणजे दुहेरी तोटा. २००३ मध्ये डेन्मार्कने मर्यादा घातली. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआयने ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या आणि खाद्यपदार्थांतल्या एकूण फॅटमध्ये कारखान्यात तयार झालेलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

कुमेरो यांनाही शेव्रल यांच्यासारखंच १०२ वर्षांचं आयुष्य लाभलं. त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. तो योगायोग आहे.

मग पाकिटावर बघायचं काय?

पुढची बाजू सोडा, मागची बाजू बघा. तिथे पोषणमूल्यांचा तक्ता असतो. त्यातल्या दोन ओळी महत्त्वाच्या : सॅच्युरेटेड फॅट आणि ट्रान्स फॅट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी सॅच्युरेटेड फॅटमधून १० टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये आणि ट्रान्स फॅटमधून १ टक्क्यापेक्षा जास्त नको. एक ग्रॅम फॅटमधून ९ कॅलरी मिळतात. २००० कॅलरींचा आहार धरला तर दिवसाला सॅच्युरेटेड फॅट सुमारे २२ ग्रॅम आणि ट्रान्स फॅट २ ग्रॅमच्या आसपास.

आता स्वयंपाकघरातला हिशेब. एक मोठा चमचा म्हणजे साधारण १४ ग्रॅम धरू. तेवढ्या तुपात ८ ते ९ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट असतं. खोबरेल तेलात ११ ते १२ ग्रॅम. शेंगदाणा तेलात अडीच ग्रॅमच्या आसपास आणि करडईच्या तेलात एक ग्रॅमच्या आगेमागे. वरणभातावर चमचाभर तूप घेतलं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण तूप, साय, पनीर, बेकरीतली खारी आणि दुपारचं फरसाण या सगळ्यांची बेरीज २२ च्या पुढे सहज जाते.

सगळी सॅच्युरेटेड आम्लंही सारखी नसतात. लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक आम्लं एलडीएल वाढवतात. शेव्रल यांचं स्टिअरिक आम्ल मात्र एलडीएलच्या बाबतीत बरंचसं तटस्थ असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. सॅच्युरेटेड फॅट कमी करून त्या जागी मैदा आणि साखर वाढवली तर फायदा होत नाही. त्या जागी असंपृक्त तेलं, शेंगदाणे, तीळ, जवस, मासे आले तर होतो.

आणखी दोन गोष्टी. पाकिटावर ट्रान्स फॅट शून्य असलं तरी वरची ओळ वाचा. घट्टपणा आणण्यासाठी आता अनेक ठिकाणी पाम तेल वापरलं जातं आणि त्यातलं जवळपास निम्मं फॅट सॅच्युरेटेड असतं. दुसरं, तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते बिघडतं. बिघडलेल्या तेलात टोटल पोलर कंपाउंड नावाचे घटक वाढतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा भारतात नियम आहे. घरी हे मोजता येत नाही. काळपट रंग, फेस, चिकटपणा आणि खवट वास ही खूण पुरेशी.

शेवटची वर्षं कशी गेली?

१८३० मध्ये व्होकलँ यांच्या जागी शेव्रल संग्रहालयात प्राध्यापक झाले. १८५७ मध्ये त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं. १८६४ ते १८७९ या काळात ते संग्रहालयाचे संचालक होते. म्हणजे हे पद सोडताना त्यांचं वय ९३ च्या घरात होतं. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि तोफगोळे संग्रहालयाच्या बागेत पडले, काचेची वनस्पतिगृहं फुटली. ८४ वर्षांचे शेव्रल शहर सोडून गेले नाहीत. विज्ञान अकादमीत त्यांनी या तोफमाऱ्याचा निषेध नोंदवला.

१८८६ मध्ये त्यांच्या शंभरीचा सोहळा देशभर गाजला. त्या वेळी नादार पिता-पुत्रांनी त्यांची मुलाखत घेताना एकामागून एक छायाचित्रं टिपली. पत्रकारितेतल्या अगदी पहिल्या छायाचित्र-मुलाखतींपैकी ती एक मानली जाते. या वयातही ते स्वतःला फ्रान्सच्या विद्यार्थ्यांमधला सर्वांत ज्येष्ठ म्हणवून घेत.

आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्याखाली ७२ फ्रेंच शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात शेव्रल यांचं नाव आहे. ३१ मार्च १८८९ रोजी टॉवरवर झेंडा फडकला. त्यानंतर नवव्या दिवशी, ९ एप्रिल १८८९ रोजी शेव्रल यांचं पॅरिसमध्ये निधन झालं. तेव्हा ते १०२ वर्षांचे होते. ट्रान्स फॅट, एलडीएल, एचडीएल हे शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते. पण पाकिटाच्या मागे छापलेला तो तक्ता तयार होऊ शकला, कारण चरबी एकच नसते, तिच्यात काय आहे ते वेगळं करून मोजता येतं, हे त्यांनी आधी दाखवलं होतं.